तीनशे वर्षांची उजळणी

“गोदी कामगारांचा उठाव कधी झाला?”

“झालाच नाही,” बाबा म्हणाले.

“असं फटकन नको. आधी आठवून बघितल्यासारखं करा.”

“न झालेलं आठवू कसं, बाई?”

मुलीला हसू आलं नाही. नव्या सरकारने इतिहासाच्या झाडून सगळ्या शिक्षकांची तोंडी परीक्षा लावली होती. विषय एकच, गेल्या तीनशे वर्षांतलं जग. बाबांची पाळी आज अकराला होती. शेजारच्या शाळेतले मास्तर सोमवारी एक क्रांती जास्तीची बोलून गेले. ते अजून घरी आले नव्हते.

मुलगी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिथे रोज पानं बदलत, आणि रोज घरी येऊन ती बाबांकडून नवं घोकून घेई. आरमारं, वसाहती, तह, महायुद्धं. चाळीस वर्षं शिकवलेलं जिभेवरून खरवडून काढायचं होतं.

“तुझी आई म्हणायची, हा माणूस भाजी आणायला विसरेल, पण तह विसरणार नाही,” कोटाची बटणं लावत बाबा पुटपुटले.

“आजच्या दिवस तेवढं विसरा, बाबा.”

कचेरीत परीक्षेच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलं होतं, बाहेरच्यांनीही ऐकावं म्हणून. ती दारासमोरच्या बाकावर बसली.

बाबा कुठेच अडखळले नाहीत. वाफेचं इंजिन, गुलामांचा व्यापार, दोन्ही महायुद्धं, सगळं नव्या पानांबरहुकूम.

“आता गोदी कामगारांच्या उठावाबद्दल सांगा,” अधिकारी म्हणाले.

बाबांनी छताकडे बघितलं. हनुवटी खाजवली.

“असा उठाव झाल्याचं काही आठवत नाही, साहेब.”

तिने रोखून धरलेला श्वास सोडला.

“वा!” अधिकाऱ्यांनी उठून बाबांचा हात हातात घेतला. “छान तयारी केलीत, सर. एवढी तयारी आजवर कुणाचीच नव्हती.”

“आपली कृपा.”

“एकच विचारतो.” त्यांनी हात सोडला नाही. “तुम्हा शिक्षकांना आम्ही जे पुस्तक दिलंय, त्यात तो उठाव अजून आहे. तो वगळलेली पानं छापखान्याबाहेर गेलेली नाहीत. तुम्हाला ती कुणी दाखवली?”

बाबांनी नकळत दाराकडे पाहिलं.