सकाळी नऊची सावली

फीत कापली, टाळ्या वाजल्या आणि बालवाडीतली लेकरं नव्या घसरगुंडीकडे धावली. पहिलंच लेकरू तापल्या पत्र्यावर बसताच "पोयलं वं माय!" म्हणत उठलं. आर्किटेक्ट केतकीनं घसरगुंडीसाठी आखलेलं छत डोक्यावर होतं, पण सकाळच्या तिरप्या उन्हात त्याची सावली कुंपणापलीकडे पडली होती. सावली शेळ्यांच्या वाट्याला, ऊन लेकरांच्या.

"मॅडम, हे बकऱ्यायसाठी बांधलं का जी?" सरपंचबाईंनी विचारलं. सगळे खो खो हसले.

केतकीचा चेहरा उतरला. बालवाडीच्या शेवंताबाईंनी तिला तीनदा निरोप धाडला होता, की शाळा अकराला सुटते, सकाळी येऊन ऊन पाहा. ती मात्र आपल्या सोयीनं भर दुपारी आली आणि मापं घेऊन गेली.

"चूक माही हाय," शेवंताबाई पुढे झाल्या. "मॅडमले म्याच दुपारची वेळ सांगतली."

हसणं थांबलं. केतकीला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटण्याचीच जास्त लाज वाटली. पोळलेलं लेकरू शेवंताबाईंच्या पदराखाली उभं होतं. बाई स्वतः उघड्या उन्हात.

"बाई खोटं बोलताहेत," ती कशीबशी म्हणाली. "त्यांनी तीनदा बोलावलं. मीच आले नाही."