मुखपृष्ठावरची तीन नावं

मुखपृष्ठावर चारऐवजी तीनच नावं टाकायची, असं गटप्रमुख मुलीने जाहीर केलं, तेव्हा झिपरी घुटमळली. काकूंचं काय, म्हणाली.

“त्यांची पानं कुठे बसतच नाहीत,” गटप्रमुख म्हणाली आणि विषय संपवला.

गट सरांनी चिठ्ठ्या टाकून पाडले होते. ‘कामाच्या जागा’ या विषयावर सगळ्यांनी मिळून अहवाल लिहायचा. निम्मे गुण त्यावर. तिच्या वाट्याला झिपरी आली, चष्मेवाला आला आणि नेमक्या काकू आल्या. इस्पितळाच्या धुलाईखात्यात वीस वर्षं काढून पंचेचाळिशीत कॉलेजला आलेल्या. सगळे त्यांना काकू म्हणत. ती मात्र काहीच म्हणत नसे. काम पडलं की नुसता कागद पुढे सरकवायची. पोरी काकूंच्या बोलण्याची नक्कल करत, तेव्हा तीही हसायची. जरा जास्तच.

काकूंनी धुलाईखात्यावर अकरा पानं लिहिली होती. वेलांट्यांचा सगळा आनंदच होता. पण रक्ताचे डाग गार पाण्यातच का धुवायचे, वाफेने हात पोळलेल्या बाईचं काम बाकीच्या गुपचूप कसं उरकतात, हे तिने दोनदा वाचलं. तरी तिने ती पानं काढून टाकली. वर्गात वाचायची वेळ आली, तर सगळे हसतील या धास्तीने.

अहवाल दिला त्या दिवशी सरांनी मुखपृष्ठ पाहिलं आणि काकूंकडे बोट करून विचारलं, “यांनी काहीच लिहिलं नाही?”

तिने मान खाली घालून वही उघडली. चष्मेवाला खिडकीबाहेर बघू लागला.

काकू उभ्या राहिल्या. “नाही जमलं, सर. पोरांनीच केलं सगळं.”

सरांनी काकूंच्या नावापुढे शून्य मांडलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. या वेळी तिला हसू आलं नाही.

कॉलेज सुटल्यावर ती रेंगाळत बाहेर पडली. दोन थांबे पुढे काकू बसची वाट बघत उभ्या होत्या. ती शेजारी जाऊन उभी राहिली. चुकलं म्हणायचं म्हणून ती वळली.

काकूंनी तिच्या खांद्यावरची जड पिशवी स्वतःकडे घेतली.

“घरी बाबांना यातलं काही बोलू नकोस,” त्या म्हणाल्या. “मायलेकी एका वर्गात शिकतात, याचंच त्यांना केवढं कौतुक आहे.”