वळसा

रुग्णवाहिका दारात येऊन थांबली आणि थोरली धावत बाहेर आली. आजारी माणूस या घरात नव्हताच. मागच्या भिंतीपलीकडे, धाकट्या बहिणीच्या घरी होता.

“नकाशात इथून सरळ गल्ली दाखवतेय,” ड्रायव्हर म्हणाला.

“होती. दोन वर्षांपूर्वी बंद केली.”

गल्लीच्या जागी आता पुरुषभर उंच भिंत होती, वर काचा. परक्या गाड्या भरधाव घुसतात, पोरांना बाहेर सोडायची सोय नाही, असं कॉलनीच्या सभेत ठरलं. थोरलीनेही हात वर केला होता. बहीण काय, हाकेच्या अंतरावर.

ती स्टुलावर चढली. पलीकडच्या अंगणात धाकटीचा नवरा उताणा पडला होता. धाकटी त्याच्या शर्टाची बटणं सोडत होती. एकही सुटत नव्हतं.

“इकडे उचलून घेऊ या का?” थोरलीने विचारलं.

“भिंतीवरच जीव जाईल त्याचा,” गाडीतून उतरलेली नर्स म्हणाली. “रस्त्याने किती वेळ लागेल?”

“हायवेला लागायचं, पुलाखालून वळायचं. वीस मिनिटं. शिवाय त्यांच्या कॉलनीच्या गेटवर वहीत नाव लिहावं लागतं.”

थोरलीने पलंगावरची गादी ओढत आणून काचांवर टाकली. नर्स गादीवरून पलीकडे उतरली. तळहात कापला, तो तिने पाहिलाही नाही. ड्रायव्हरने गाडी मागे घेतली.

“ताई, गाडी लांब का चाललीये?” धाकटीने विचारलं.

“येतेय गं. वळसा घालून येतेय.”

नर्स छाती दाबत मोठ्याने आकडे मोजू लागली. तीस झाले की पुन्हा एकपासून. सायरन हायवेच्या आवाजात विरला. आकडे तेवढे ऐकू येत राहिले, दमत, तुटत. थोरलीचे पाय भरून आले, पण ती स्टुलावरून उतरली नाही.

बऱ्याच वेळाने सायरन पलीकडच्या बाजूने आला आणि गेटपाशी एकाच जागी वाजत राहिला. वही भरणं चाललं असावं. नर्सचे आकडे केव्हाच थांबले होते.

धाकटी सरकत सरकत भिंतीपाशी आली आणि पाठ टेकून बसली. थोरली गादीवर पोट टेकवून वाकली आणि तिने हात खाली सोडला. बहिणीचं डोकं बोटांपासून हातभर खाली होतं.