मावशींना वाचून दाखवा

सन १९७४. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. धरणावरून फोन आला होता : चार वाजता दरवाजे उघडणार. नदीकाठच्या तीन वस्त्यांना त्याची गंधवार्ता नव्हती. नोटीस लिहायची, प्रती काढायच्या, जीपमधून जाऊन दारोदार चिकटवायच्या. एवढं सगळं दोनच्या आत.

काम नव्या कारकुनाकडे आलं. तो एम.ए. झालेला. भाषा अशी भरजरी, की कचेरीत त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. त्याने जुनी फाईल काढली, तिच्यातल्या एका नोटिशीवरून मजकूर उतरवला, तारीख बदलली आणि कागद हेडक्लार्कबाईंपुढे ठेवला. बाईंनी तो वाचला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मावशींना वाचून दाखवा," त्या म्हणाल्या.

हा बाईंनी घालून दिलेला शिरस्ता होता. बाहेर जाणारा प्रत्येक कागद आधी झाडलोट करणाऱ्या मावशींनी ऐकायचा. त्यांना कळला तरच त्यावर शिक्का बसायचा. आठ वर्षांपूर्वीच्या पुरात मावशींचं घर गेलं होतं. घरात दोन मुली होत्या. त्यानंतर बाईंनीच साहेबांकडे खेटे घालून मावशींना कचेरीत लावून घेतलं होतं.

"बाई, घड्याळ बघा," प्रोफेसर म्हणाला. "आज तरी हा खेळ नको. लोकांच्या जिवाशी गाठ आहे."

"म्हणूनच म्हणते. वाचा."

मावशी दाराशी फरशी पुसत होत्या. प्रोफेसरने घसा साफ केला. "सखल भागातील रहिवाशांना कळविण्यात येते की, जलाशयाची वाढती पातळी विचारात घेता आवश्यकतेनुसार विसर्ग करण्यात येण्याची शक्यता असून संबंधितांनी योग्य ती दक्षता घ्यावी."

मावशींचा हात फडक्यावर थांबला.

"लिहिलंय छान," त्या म्हणाल्या. "पण मी काय करू, दादा? घरात बसू, का निघू?"

खिडकीबाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. "अहो प्रोफेसर, खळ वाळली बादलीत! ग्रंथ लिहिताय का?"

प्रोफेसरने कागद फाडला आणि दुसरा घेतला. "नागरिकांनी तातडीने सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे."

"सुरक्षित म्हणजे कुठे?" मावशींनी विचारलं. "मला तर माझं घरच सुरक्षित वाटतं."

प्रोफेसर चिडून काहीतरी बोलणार होता. पण मावशी त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या बाईंकडे बघत होत्या, आणि बाई टेबलाकडे. एकाएकी त्याला काठावरची एक खोली दिसली. चुलीवर भांडं, वाळत घातलेले कपडे, आणि दारावर त्याचा कागद. तो खाली बसला. या वेळी त्याने फाईलकडे पाहिलं नाही.

"आज चार वाजता नदीला मोठं पाणी येणार आहे. तुमचं घर बुडेल. सामान गोळा करत बसू नका. मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन तीनच्या आत शाळेच्या टेकडीवर जा. आम्ही सांगेपर्यंत परत येऊ नका."

मावशींनी काही विचारलं नाही. त्या उठल्या. दोन्ही हात दोन बाजूंना थोडे पुढे केले, कुणाची बोटं धरावीत तसे, आणि दाराबाहेर चालू लागल्या. पायरीपर्यंत गेल्या. तिथे थांबल्या. आपल्या रिकाम्या हातांकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या.

"शिक्का मारा," बाई म्हणाल्या.

चार वाजता दरवाजे उघडले. संध्याकाळी तिन्ही वस्त्यांमध्ये पाणी खिडक्यांच्या वर होतं. माणसं टेकडीवर होती, सगळीच्या सगळी. एक म्हातारी तेवढी हटून बसली होती. तिला सुनांनी खाटेसकट उचलून वर नेलं, आणि ती वाटभर त्यांचा उद्धार करत होती.

पुढे ड्रायव्हर मुलीच्या गावी राहायला गेला. प्रोफेसर मोठा अधिकारी झाला. त्याची पत्रं पोस्टकार्डावर मावत, आणि इतर खात्यांचे लोक ती नमुना म्हणून मागून नेत. बाई १९८३ साली निवृत्त झाल्या. निरोपाचा समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. दोन वर्षांत वारल्या. शेवटी शेवटी त्या भिंतीकडे तोंड करून कुणाला तरी एकच मजकूर पुन्हा पुन्हा वाचून दाखवायच्या, असं त्यांची भाची सांगते.

मावशीही १९८३ सालीच निवृत्त झाल्या. त्यांचे कागद करायला प्रोफेसर स्वतः घरी गेला. अंगठ्यासाठी त्याने शाईची डबी उघडली, तेव्हा मावशींनी चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि गोल अक्षरात सही केली.

"मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

"न यायला काय झालं? चौथी पास आहे मी."

"मग इतकी वर्षं आम्ही तुम्हाला वाचून दाखवत होतो..."

"बाईंनी कधी विचारलंच नाही." मावशींनी चष्मा काढून पुसला. "आमच्या दारावरची नोटीस मीच वाचली होती. दक्षता घ्या, असं होतं. म्हणून पोरींना आत बसवलं, बाहेरून कडी घातली आणि कामाला गेले."

प्रोफेसरने शाईची डबी मिटली.

"खाली साहेबांकरिता म्हणून बाईंची सही होती," मावशी म्हणाल्या. "तीसुद्धा वाचली होती."