चेंडूचा फेरा

संतरामनं पत्राची घडी घातली. परभणीच्या सामन्यांना हिंगोलीचा फुटबॉल संघ येणार नाही, एवढंच त्यात लिहिलं होतं. आता ते स्टेशनावरच्या डाकेत पडलं की क्लब संपला.

दहा पावलांवर संघातलाच गुलाबसिंग बैलगाडी थांबवून उभा होता. स्टेशनाकडं निघालेला तोच एक होता. प्लेगाच्या दिवसांत याहून जवळ कुणी कुणाच्या येत नव्हतं. हिंगोली ओस पडली होती. माणसं रानात झोपड्या घालून राहिली होती. क्लबाचं मैदान छावणीजवळ होतं. तिथं तहसीलदारानं टोचणीचा तंबू ठोकला होता, आणि पाचांहून जास्त माणसांनी जमायचं नाही अशी दवंडी दिली होती. वर्गणी देणाऱ्या दुकानांना कुलपं लागली. कापसाचं जिन बंद पडलं. तिथं गठ्ठे उचलणारे चार खेळाडू नांदेडच्या गिरणीत जायला निघाले, तेव्हा गुलाबसिंगानंच त्यांना अडवलं होतं. त्याच्या तांड्याची ज्वारी काढायला माणसं हवी होती. “तांड्यात येऊ नका, चौघं चार वावरांत राहा,” तो म्हणाला होता, “अन् मजुरीला कणसं घ्या.” चौघंही थांबले.

खेळाचा प्रश्न मात्र संतरामला सोडवावा लागला. क्लबाचा तो चिटणीस. अकरा जण अकरा वावरांत पांगलेले आणि चेंडू एकच. त्यानं फेरा लावून दिला. ज्याचा दिवस असेल त्यानं दिवसभर एकट्यानं चेंडू घोळवायचा. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो कडुलिंबाच्या पाण्यानं पुसून पुढच्याच्या बांधावर ठेवायचा आणि निघून जायचं. बोलायचं नाही, भेटायचं नाही. बाराव्या दिवशी चेंडू पुन्हा पहिल्याकडं.

दोन फेरे नीट झाले. तिसऱ्यात माणसं ढिली पडली. कुणी चेंडू दोन दिवस तसाच पडू दिला, कुणी पोटापाण्याचं कारण सांगितलं. त्यातच काल पाणक्यानं बातमी आणली, सटवाजीच्या काखेत गाठ आली. सटवाजी त्यांचा गोलकीपर. संतरामच्या आधीचा बांध त्याचा.

“काहून लिहिलं पत्र?” गुलाबसिंगानं विचारलं.

“सटवाजीला गाठ आलीय. गोलकीपरच न्हाई तर संघ कशाचा?”

“गाठ कुणी पाह्यली?”

“पाहायला जाऊन राहिलंय कोण तिकडं?”

गुलाबसिंगानं चाबकाच्या दांड्यानं बांधाकडं दाखवलं. “मंग तुझ्या बांधावर तो चेंडू कुणी आणून ठिवला?”

संतरामनं वळून पाहिलं. चेंडू बांधावर होता. पुसलेला, तोंडाची चामडी वादी घट्ट आवळलेला. कित्येक दिवस उसवत चाललेली त्याची शिवण कुणीतरी दाभणानं पक्की घातली होती. संतराम चेंडू हातात घेऊन उगाच फिरवत राहिला. गाठ आलेला माणूस अंथरुणावरून उठत नाही, अन् हा शिवण घालतो. पाणक्या खोटं बोलला असणार.

त्यानं पत्र फाडलं.

“सगळ्या बांधांवर सांगत जा,” तो गुलाबसिंगाला म्हणाला. “म्हणावं, सटवाजी खेळून राहिला.”

निरोप गेला आणि माणसं पुन्हा उभी राहिली. जिनवाले चौघे दिवसभर ज्वारी काढून आपापल्या पाळीला सांजच्याला चेंडू मारू लागले. कुणी कंटाळला की दुसरा लांबूनच ओरडायचा, “सटवाजी चुकत न्हाई, तू काहून चुकतोस?” आणि सटवाजी खरंच चुकला नाही. पुढचे चारही फेरे त्याच्या बाजूनं चेंडू दिवसाच्या दिवशी आला.

फाल्गुनात बंदी उठली. तंबू निघाला. माणसं झोपड्या मोडून घरी परतली आणि पहिल्याच सकाळी मैदानावर दहा जण जमले. रोडावलेले, काळवंडलेले, पण दहा. गळाभेटी झाल्या. सटवाजी तेवढा दिसेना.

थोड्या वेळानं त्याची आई द्वारकाबाई मैदान तुडवत आली.

“काकू, सटवाजी कुठं?” संतरामनं विचारलं.

“येऊन राहिलाय मागून. धा पावलं चाललं की बसावं लागतं त्याला.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “दीड महिना पडून होता लेकरू. गाठ फुटली तवा कुठं ताप उतरला. डाक्टर म्हणला, आता धोका न्हाई.”



“मंग चेंडू?” संतरामनं विचारलं.

“मीच आणून ठिवायची. शिवणबी मीच घातली. झोपडीत कधी नेला न्हाई चेंडू, डाक्टरनं बजावलं होतं. दिवसभर दारासमोर बांधावर ठिवायची, त्याला आतून दिसंल असा. त्याला सांगायची, बघ, धाही जण खेळून राहिलेत, तुझी जागा रिकामीच ठिवलीय. एरवी घोट-दोन घोट पाणीच घ्यायचा. त्या दिवशी वाटीभर पेज प्यायचा. मंग मी अकरा दिवस मोजत बसायची, कवा येतो चेंडू म्हणून.” तिनं हात जोडले. “लई उपकार झाले बाबांनो. तुमच्या खेळावर माजा पोरगा जगला.”

मैदानाच्या कडेला काठी टेकत येणारा सटवाजी दिसला. गुलाबसिंग त्याच्याकडं धावत सुटला, आणि त्याच्यामागं बाकीचे.

संतराम जागचा हलला नाही. त्यानं खाली वाकून द्वारकाबाईच्या पायांना हात लावला.

“काकू, आमी तर कवाच मोडलो होतो,” तो म्हणाला. “सटवाजी खेळून राहिलाय, ह्या एका लाजेनं उभे राह्यलो.”