पडद्यावरचं माप

"अहो वहिनी, हे घड्याळ आहे की अंडं?"

भाऊजी लॅपटॉपसमोर वाकून हसत होते. पडद्याच्या कोपऱ्यातलं गोल घड्याळ खरंच आडवं पसरलं होतं. अक्षरंही फुगलेली, कडेनं धुरकट, ओल्या काचेपलीकडून पाहावीत तशी.

"असू दे हो अंडं. मला शिवण नीट दिसली म्हणजे झालं," वहिनी शिलाई मशीनवरून उठत म्हणाल्या. "आज लेक नवा ड्रेस घालून दाखवणार आहे. पार्सल पोचलं तिला."

दुपार कलली होती. खिडकीतून येणाऱ्या उन्हात कापडाची बारीक लव तरंगत होती. ही वेळ वहिनींची फार आवडती. तिकडे परमुलखात तेव्हा उजाडत असे आणि लेक झोपाळू डोळ्यांनी पडद्यात यायची. वहिनींना वाटायचं, ती आपल्या झोपेतून निघते आणि थेट आईच्या दुपारच्या डुलकीत शिरते.

जाताना पोर म्हणजे नुसती काडी होती. एकटी राहणार, वेळेवर खाईल का, की उपाशीच झोपेल, या काळजीनं वहिनींना घास गोड लागत नव्हता. आणि मग एके दिवशी पाहतात तो काय, लेकीनं अंग धरलेलं! गाल भरले, खांदे भरले. पोरी अशाच एकदम भरतात म्हणून त्या मनातल्या मनात हरखल्या. बोलून दाखवलं तर आपलीच दृष्ट लागायची. शेजारच्या छोट्या चौकटीत त्या स्वतःही जाड दिसायच्या, पण त्यात नवल काय होतं! नजरेनं माप घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पडद्यातल्या लेकीकडे बघत त्यांनी कापड बेतलं, चांगलं ऐसपैस, आणि त्या दिवसापासून रात्री गाढ झोपू लागल्या.

भाऊजींनी पडद्यावर हुकूम लिहायची काळी चौकट उघडून काहीतरी टाइप केलं. पडदा विझला, परत आला. अंडं ते अंडंच. "सापडेल, सापडेल," ते पुटपुटले. लॅपटॉपची सिस्टीम फुकटची, लेकीनंच जाताना घालून दिलेली. असल्या सिस्टीमला मालक नाही. ज्याला हवं त्यानं उसवून बघावं. म्हणून तर भाऊजींना तिचा भारी सोस.

मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, हा तर माझाच शब्द! मागे अपडेटनंतर पडदा काळा पडला होता, तेव्हा मी तुम्हाला फोनवरून एक शब्द टाइप करायला लावला होता, आठवतं? तात्पुरता. तो काढायचाच राहिला. त्या शब्दापायी पडद्याला स्वतःचं माप कळेना, मग मिळेल ते चित्र ओढूनताणून बसवतोय बिचारा."

"म्हणजे टीप मारून झाली आणि कच्चा टाका तसाच राहिला," वहिनी म्हणाल्या.

"अगदी तसंच."

शब्द गेला. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा उजळला. घड्याळ गोल झालं, अक्षरं सडसडीत उभी राहिली. "बाई गं, सगळं जगच रोडावलं की!" वहिनी हसल्या. तेवढ्यात कॉल आला.

पडद्यात जी मुलगी आली तिला पाहून वहिनींना वाटलं, कुणा भलतीचाच फोन आला. गालांची हाडं वर आलेली, गळ्याशी खळगे पडलेले. ड्रेसचा निळा रंग मात्र खुलला होता. गळ्याची पट्टी, खांद्याची टीप, टाका न् टाका दिसत होता.

"आई, बघ ना! कसा मापात बसलाय!"

"हात पाठीमागे का गं?"

"असाच."

"पुढे घे बघू."

लेकीनं पाठीमागची मूठ सोडली. कापड झोळीसारखं सुटलं, एक खांदा दंडावर उतरला. भाऊजी उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"शिलाई फार सुंदर आहे गं, आई."

"शिलाईचं राहू दे. टेप घे. कंबर सांग."

शिवणाऱ्या बाईची लेक, टेप तिच्या खणात होतीच. तिनं ती कमरेभोवती धरली आणि एक आकडा सांगितला.

"खोटं," वहिनी म्हणाल्या. "परत घे."

 टेपवर नख रोवून तिनं आकडा कॅमेऱ्यापुढे धरला. पडदा इतका लख्ख झाला होता, की वहिनींना तो चष्म्याशिवाय वाचता आला.

"मी इकडे सुखानं झोपत होते गं," त्या म्हणाल्या. "का नाही बोललीस?"

"मला बघून तू इतकी खूश दिसायचीस," लेक म्हणाली. "कशी बोलणार?"

वहिनींनी बोट पुढे केलं आणि पडद्यावर लेकीच्या खांद्याची घसरलेली शिवण हलकेच वर सरकवली. तिकडे लेकीनं खांदा वर ओढून घेतला.

तो पुन्हा घसरला.