दुधाचं पथ्य

बारा वर्षांपूर्वी रोहिदासला पहिला मूतखडा झाला. खडा कॅल्शियमचा आहे एवढंच चंद्राबाईच्या कानावर पडलं आणि तिने त्याच दिवशी नवऱ्याचं दूध-दही बंद केलं. त्याला मोह नको म्हणून स्वतःही कोरा चहा पिऊ लागली. अंगात ताकद राहावी म्हणून रोज पालक रांधू लागली. खडे मात्र होतच राहिले.

आज नेरूळच्या डॉक्टरांनी त्याचं खाणंपिणं विचारून घेतलं आणि रिपोर्ट पाहिले. एक मूत्रपिंड निकामी झालं होतं, दुसरंही फार दिवस साथ देणार नव्हतं.

"दूध-दही कोणी बंद केलं तुमचं? जेवणातलं कॅल्शियम पालकातल्या ऑक्सलेटला पोटातच धरून ठेवतं. ते नसलं की ऑक्सलेट रक्तातून मूत्रपिंडात उतरतं आणि खडे वाढतात."

"मीच केलं," रोहिदास म्हणाला.

घरी चंद्राबाई दारातच उभी होती. "काय बोलला डाक्टर?"

तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला खरं सांगवेना. "तुज्या पथ्यामुलंच इतकी वर्सं टिकलो, असं बोलला."

चंद्राबाईच्या डोळ्यांना धार लागली. पदराने तोंड पुसत तिने लगेच नावड्याला राहणाऱ्या मुलाला फोन लावला. गेल्याच आठवड्यात त्याला पहिला खडा झाला होता.

"मितेश, आजपासनं दूध बंद कर. माजं नको ऐकूस, बाबांचं तरी ऐक." तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला.

रोहिदासने तिच्याकडे पाठ केली.

"पोरा, दूध सोडू नको," तो म्हणाला. "दूध सोडूनच माजं वाटोलं झालं."